घाई कुठे करावी, कुठे करू नये

मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने नेमकं काय करावं, हा या वेळच्या वाचक-प्रश्नांचा विषय. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सगळी मेख तपशिलात आहे.

प्रश्न : हल्ल्याची बातमी आली की टीव्हीवर नुसती धावपळ दिसते. तिच्यामागे काही क्रम असतो का? पहिल्या एक-दोन तासांत कोणी काय करायचं असतं?

क्रम असतो, पण तो आधी लिहून, घोटून ठेवलेला असेल तरच त्या दिवशी हाताशी येतो. सगळ्यांत आधी ठरायला हवं, जागेवरचा ताबा कोणाकडे. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांचे घटनास्थळावरचे प्रमुख एकाच ठिकाणी, एकमेकांशेजारी उभे असले पाहिजेत. फोनवर संपर्कात असणं पुरत नाही. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमध्ये संगीताचा कार्यक्रम सुटत असताना आत्मघाती स्फोट झाला आणि २२ जणांचा जीव गेला. बंदूकधारी मोकाट असू शकतो असं धरून पोलिसांनी त्यासाठीची योजना लागू केली, पण हे इतर दोन्ही सेवांना कळवलंच नाही. जमायची जागाही प्रत्येकाने आपापली ठरवली. अग्निशमन दलाला घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. स्फोट झालेल्या दालनात पहिल्या चाळीस मिनिटांत रुग्णवाहिका सेवेचा एकच कर्मचारी पोहोचला होता. यांपैकी कोणीही भित्रं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या नियमपुस्तिकेप्रमाणेच वागत होता, आणि अडचण तिथेच होती.

दुसरं काम जागेचे तीन भाग पाडण्याचं: जिथे हल्लेखोर किंवा न फुटलेला बॉम्ब आहे तो भाग, जिथे धोका बहुधा टळला आहे तो मधला भाग, आणि सुरक्षित भाग. जीव वाचतात ते या मधल्या भागात. तिथे सशस्त्र पोलिसांच्या आडोशाने वैद्यकीय माणसं आत गेली पाहिजेत. 'पूर्ण सुरक्षित' असा शिक्का बसेपर्यंत थांबलं, तर रक्तस्रावाने माणसं जातात. मोठी धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो. म्हणून पहिल्या पोहोचणाऱ्या पोलिसाच्या कमरेलाही टूर्निके, म्हणजे आवळपट्टा, हवा. तो जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर बांधायचा, सांध्यावर बांधायचा नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहायची. दुखतंय म्हणून लोक तो अर्धवट आवळतात. मग धमनीचं रक्त वाहत राहतं, शिरेचं अडतं आणि रक्तस्राव उलट वाढतो.

जखमींची वर्गवारी माणशी मिनिटभरात उरकावी लागते. चालता येतं त्याला हिरवी पट्टी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, त्याला काळी. श्वास मिनिटाला तिसापेक्षा जास्त असेल, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक लागत असतील किंवा 'माझा हात दाबा' इतकी साधी सूचनाही कळत नसेल, तर लाल, म्हणजे आधी उपचार. उरलेल्यांना पिवळी. वर्गवारी करणाऱ्याने एका जखमीपाशी बसून उपचार सुरू केले की मागची रांग थांबते. माणुसकीच्या पोटी होणारी ही चूक नेहमीची आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसरा स्फोट. मदतीला आलेल्यांवर निशाणा धरून काही वेळाने फुटणारा बॉम्ब ठेवणं ही जुनी चाल आहे. त्यामुळे रुग्णवाहिका आणि अधिकारी जिथे जमणार, ती जागा आधी तपासून घ्यायची. ती काचेच्या इमारतीखाली नको आणि लावून ठेवलेल्या गाड्यांच्या रांगेशेजारीही नको. स्फोटाचा सर्वांत दूर गेलेला तुकडा जिथे सापडला, त्याच्या दीडपट अंतरावर कडं टाकायचं. आत जायला एकच वाट ठेवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची नोंद करायची. नेत्यांच्या भेटी या टप्प्यावर अजिबात नकोत. एका ताफ्यासाठी रस्ता अडवला की तितक्या रुग्णवाहिका अडकतात. रुग्णवाहिकांसाठी एकाच दिशेने फिरणारा रस्ता आखावा, आणि चालकाने गाडी सोडलीच तर किल्ली गाडीतच राहावी. क्षुल्लक वाटेल, पण किल्ली खिशात घालून आत धावलेल्या चालकामुळे अख्खी रांग कोंडते.

रुग्णालयांकडे आधी येतात ते किरकोळ जखमी. ते स्वतःच्या पायांनी किंवा मिळेल त्या गाडीने सर्वांत जवळच्या रुग्णालयात पोहोचतात. अत्यवस्थ लोक अर्ध्या-पाऊण तासाने येतात तेव्हा खाटा भरलेल्या असतात. म्हणून हलक्या जखमींना मुद्दाम दूरच्या रुग्णालयांत पाठवायचं. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, सुट्टीवरचे कर्मचारी बोलवायचे. मात्र सगळ्यांना एकदम बोलवायचं नाही. बारा तासांनंतरची पाळी घरी झोपलेली असली पाहिजे. रक्तदानाचं तेच. त्या दिवशी उपयोगी पडतं ते पेढीत आधीपासून असलेलं रक्त. तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत रक्तदानाचा पूर लोटला आणि त्यातलं बरंच रक्त मुदत संपून टाकून द्यावं लागलं.

प्रश्न : ओलीस धरले असतील तर कमांडो ताबडतोब आत का घुसवत नाहीत?

आधी पाहायचं, आत गोळीबार चालू आहे की थांबला आहे. माणसं मारली जात असतील तर विशेष पथकाची वाट न पाहता जवळच्या सशस्त्र पोलिसांनीच आत शिरायचं. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ऑस्लोतल्या स्फोटात ८ आणि नंतर उटोया बेटावरच्या गोळीबारात ६९ जण मारले गेले. किनाऱ्यावर आधी पोहोचलेले पोलीस बोटीची आणि कुमकेची वाट पाहत राहिले. विशेष पथक आलं तेव्हा त्याला मिळालेली बोट भाराने अडखळली. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ला सुरू झाला, कमांडोंना दिल्लीजवळच्या तळावरून विमानाने यावं लागलं. साठेक तास चाललेल्या त्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रं उघडली गेली. अंतराचा प्रश्न आधी सोडवायचा असतो. त्या रात्री विमान शोधून तो सुटत नाही.

गोळीबार थांबून ओलीस धरले गेले असतील, तर मात्र वेळ सरकारच्या बाजूने असतो. बोलणी लांबवायची, हल्लेखोर थकू द्यायचे, आतला नकाशा मिळवायचा. घुसण्याची तयारी पहिल्या तासापासून चालू ठेवायची आणि तिच्यात बाहेर काढलेल्यांच्या उपचारांची आखणीही तितकीच पक्की करायची. मॉस्कोच्या नाट्यगृहात ऑक्टोबर २००२ मध्ये आठशेहून अधिक लोक ओलीस होते. सुरक्षा दलांनी आत गुंगीचा वायू सोडला आणि हल्लेखोर संपवले. मात्र १३० ओलीस दगावले, त्यांतले बहुतेक वायूमुळे. वायू कोणता, हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. उतारा पुरेसा नव्हता. बेशुद्ध माणसांना कुशीवर वळवण्याऐवजी उताणं ठेवल्याने कित्येकांचा श्वास कोंडला. माणसाला कुशीवर वळवायला पाच सेकंद लागतात. तेवढी सूचना आराखड्यात नव्हती.

रशियातल्याच बेस्लानच्या शाळेत २००४ साली असंच ओलीस धरलं गेलं, तेव्हा ३३४ जण गेले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ च्या निकालात दोन दोष ठळकपणे दाखवले: आदेशाची एक स्पष्ट साखळी नव्हती, आणि ओलीस आत असताना रणगाड्याच्या तोफेसारखी शस्त्रं वापरली गेली.

प्रश्न : मृतांचा आकडा रोज बदलतो. सरकार लपवत असतं का?

कधीकधी लपवतं, बहुतेक वेळा मोजणीच चुकते. ११ सप्टेंबरनंतर न्यूयॉर्कमधल्या बेपत्ता लोकांचा आकडा सहा हजारांच्या वर गेला होता. एकाच माणसाची तक्रार मुलगा, बायको आणि कचेरी असे तिघे देत होते. हल्ल्यांतल्या बळींची अंतिम संख्या २,९७७ ठरली. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर हल्ल्यांनंतर सरकारने ३५९ वर गेलेला आकडा चार दिवसांनी सुमारे २५३ वर आणला. स्फोटात देहांचे तुकडे होतात, एका देहाचे दोन मोजले जातात. अंतिम आकडा पुढे पुन्हा वाढला.

उपाय सोपा आहे, पाळायला अवघड. तीन रकाने वेगळे जाहीर करायचे: ओळख पटलेले मृत, शवागारातले ओळख न पटलेले देह, आणि बेपत्ता असल्याच्या तक्रारी. त्यांची बेरीज करायची नाही.

ओळख पटायला दिवस लागतात त्याचंही कारण आहे. चेहरा पाहून ओळखणं भरवशाचं नसतं. धक्का बसलेला नातेवाईक नकार देतो, किंवा घाईने दुसऱ्याच देहाला आपलं माणूस समजतो. इंटरपोलच्या पद्धतीत तीनच खुणा पक्क्या मानतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, दागिने, गोंदण हे पूरक. त्यामुळे पहिल्याच दिवशी नातेवाइकांसाठी रुग्णालय आणि शवागार या दोहोंपासून वेगळी, कॅमेऱ्यांना बंदी असलेली जागा उघडायची. तिथे दंतवैद्याचं नाव, जुन्या शस्त्रक्रिया, अंगावरचे व्रण अशी माहिती एकदाच आणि एकाच अर्जावर घ्यायची. दात घासायचा ब्रश, कंगवा मागवायचा. आईवडील किंवा मुलांचा नमुना घ्यायचा. तीन वेगवेगळ्या खात्यांनी तीनदा तेच विचारणं ही या लोकांची सर्वांत मोठी तक्रार असते, आणि ती रास्त आहे.

प्रश्न : सरकारने पहिल्या दिवशी काय बोलावं? न बोलणंच बरं नाही का?

न बोलल्यास अफवा बोलतात. एकच प्रवक्ता, ठरलेली वेळ, आणि नवीन काही नसलं तरी त्या वेळी हजेरी. काय कळलं आहे, काय कळलेलं नाही, काय चालू आहे आणि लोकांनी काय करायचं आहे, इतकंच सांगायचं. हल्ला कोणी केला, हे पुरावा हाती येईपर्यंत सांगायचं नाही.

याचा धडा माद्रिदचा. ११ मार्च २००४ रोजी चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले, १९० हून अधिक माणसं मारली गेली. तीन दिवसांवर निवडणूक होती. सरकारने बास्क फुटीरतावादी संघटना 'एता' हिच्याकडे बोट दाखवलं, पंतप्रधानांनी संपादकांना स्वतः फोन केले, आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावातही एताचं नाव घालून घेतलं. त्या रात्री प्रवाशांच्या सामानात मिसळलेली एक न फुटलेली पिशवी पोलीस ठाण्यात सापडली. तिच्यातल्या मोबाइलच्या सिमकार्डावरून १३ तारखेला पहिल्या अटका झाल्या; धागा जिहादी गटाकडे जात होता. १४ ला सरकार निवडणुकीत हरलं. पोलिसांनी तपास उत्तम केला होता. बुडवलं ते सरकारच्या आगाऊ खात्रीने.

प्रश्न : थेट प्रक्षेपण आणि समाजमाध्यमं सरळ बंद का करू नयेत?

कारवाईचं थेट प्रक्षेपण थांबवायलाच हवं. म्युनिकमध्ये १९७२ साली खेळाडूंना ओलीस धरणारे हल्लेखोर खोलीतल्या टीव्हीवर छपरावर चढणारे पोलीस पाहत होते. बेत सोडून द्यावा लागला. छत्तीस वर्षांनी मुंबईत हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडून टीव्ही बघत फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल सुनावलं. मार्च २०१५ पासून भारतात नियम असा आहे की कारवाई संपेपर्यंत वाहिन्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ठरावीक वेळच्या माहितीवरच थांबायचं. हा नियम चांगला आहे. पण तो अधिकारी बोलायलाच आला नाही, तर वाहिन्या गच्चीवर चढणारच.

इंटरनेट बंद करण्याचं गणित वेगळं. श्रीलंकेने ईस्टरनंतर समाजमाध्यमं रोखली. ज्यांना फिरवायच्याच होत्या त्यांनी आडवाटेने अफवा फिरवल्या, आणि साधी माणसं नातेवाइकांची खुशाली कळायला तरसली. मोबाइल जाळं बंद केलं की जखमींचा मदतीचा फोनही बंद होतो. त्यापेक्षा आपत्कालीन सेवांना जाळ्यावर अग्रक्रम द्यावा आणि लोकांना फोनऐवजी संदेश पाठवायला सांगावं. नेमका मजकूर काढून टाकण्यासाठी कंपन्यांशी रात्री-अपरात्रीही बोलू शकेल असा माणूस आधीच ठरलेला हवा. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला हल्लेखोराने स्वतःच थेट दाखवला होता. फेसबुकने पहिल्या चोवीस तासांत त्याच्या पंधरा लाख प्रती काढल्याचं सांगितलं.

प्रश्न : शत्रू कोण हे दिसत असताना सरकार दुसऱ्याच दिवशी प्रतिहल्ला का करत नाही? थांबणं हा दुबळेपणा नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला, आणि त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. तरी आमचं मत स्पष्ट आहे: बचाव, पुरावा आणि सीमाबंदी यांत तासाची घाई हवी, आणि बळाच्या वापरात दिवसांचा विचार. हल्ला करणाऱ्यांना बहुधा आंधळं प्रत्युत्तरच हवं असतं, कारण त्यातून त्यांना भरतीसाठी माणसं मिळतात.

७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. तेराव्या दिवशी अमेरिकेने क्षेपणास्त्रं डागली. त्यांतलं एक लक्ष्य सुदानमधल्या खार्तुमजवळचा औषधांचा कारखाना होता. तिथे रासायनिक अस्त्रांचा घटक बनतो, हा दावा नंतर टिकवता आला नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो उद्ध्वस्त कारखाना.

उलट उदाहरण लॉकरबीचं. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडवर विमानात बॉम्ब फुटला आणि २७० जण मृत्युमुखी पडले. शेकडो चौरस किलोमीटरांवर विखुरलेले तुकडे तपासपथकांनी वेचले; नखाएवढ्या सर्किटच्या तुकड्यावरून धागा पुढे गेला. १९९१ मध्ये दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवले गेले, १९९२ पासून लिबियावर निर्बंध आले, १९९९ मध्ये आरोपी ताब्यात मिळाले आणि २००१ मध्ये एक दोषी, एक निर्दोष असा निकाल लागला. २००३ मध्ये लिबियाने जबाबदारी मान्य करून भरपाई कबूल केली. बारा वर्षं फार झाली, हे खरं. त्या एका शिक्षेवरही पुढे शंका घेतल्या गेल्या. पण एका राज्याला गुडघे टेकायला लावलं ते याच चिवटपणाने.

लष्करी कारवाई कधीच करू नये, असं आम्ही म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१ वं कलम स्वसंरक्षणाचा हक्क देतं. अट एवढीच की बळ आवश्यक आणि प्रमाणात असावं आणि सुरक्षा परिषदेला तातडीने कळवावं. आदेशावर सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: पुरावा कोणता आणि तो मित्रराष्ट्रांना दाखवता येईल का, लक्ष्याचा या हल्ल्याशी थेट संबंध काय, समोरच्याने उत्तर दिलं तर आपली पुढची पायरी कोणती, आणि काय साधलं की थांबायचं. चौथ्याचं उत्तर नसेल तर फाइल परत पाठवायची. लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा १८ सप्टेंबर २००१ चा अमेरिकी कायदा आपल्या मुख्य कलमात जेमतेम साठ शब्दांचा होता. त्यात मुदत नव्हती, भूगोल नव्हता. त्याच्या आधारे अफगाणिस्तानात गेलेलं सैन्य बाहेर पडायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

प्रश्न : मग निदान कडक कायदे तरी ताबडतोब करावेत ना? अशा लोकांना साध्या न्यायालयात कशाला न्यायचं?

आठवड्यात केलेला कायदा पिढीभर टिकतो, एवढं आधी लक्षात घ्यावं. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅमच्या दोन मद्यगृहांत बॉम्ब फुटले, २१ जण गेले. आठ दिवसांत ब्रिटिश संसदेने दहशतवादविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या नावातच 'तात्पुरत्या तरतुदी' असे शब्द होते. नूतनीकरण होत होत तो पाव शतक राहिला. त्याच हल्ल्यासाठी सहा जणांना जन्मठेप झाली; दबावाखाली घेतलेल्या कबुल्या आणि चुकीच्या रासायनिक चाचण्या यांवर खटला उभा होता. सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर १९९१ मध्ये ते सुटले. हल्ल्याचे खरे गुन्हेगार आजवर शिक्षेपर्यंत पोहोचलेले नाहीत. निरपराधाला शिक्षा म्हणजे अपराध्याला मोकळीक, हे इतकं उघड आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ ला खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली. पहिल्याच झडतीसत्रात ३४२ जणांना उचललं. याद्या जुन्या होत्या, चुकीचे बरेच सापडले, हिंसा कमी व्हायची ती भडकली. फ्रान्सने १३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर लावलेली आणीबाणी जवळजवळ दोन वर्षं चालली; काही आठवड्यांतच तिचा वापर हवामान परिषदेच्या वेळी पर्यावरण कार्यकर्त्यांना घरात स्थानबद्ध करायलाही झाला.

जादा अधिकार लागतातच असं असेल, तर त्यांवर संपण्याची तारीख छापावी. मुदतवाढीसाठी नव्याने मतदान व्हावं, किती झडत्या, किती अटका आणि त्यांतून किती आरोपपत्रं निघाली हे आकडे दर तीन महिन्यांनी सभागृहात ठेवावेत. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका असतो.

आता न्यायालय. नॉर्वेने आपल्या हल्लेखोरावर नेहमीच्या न्यायालयात दहा आठवडे खटला चालवला. तेरा महिन्यांत निकाल लागला. शिक्षा २१ वर्षांची, पण माणूस धोकादायक असेपर्यंत वाढवता येणारी. पॅरिसचा खटला सप्टेंबर २०२१ ते जून २०२२ चालला; वीस आरोपी होते आणि हल्ल्यातून वाचलेल्यांना दिवसेंदिवस साक्ष देता आली. याउलट ११ सप्टेंबरचा सूत्रधार म्हणून मार्च २००३ मध्ये पकडलेल्या माणसाला खास लष्करी आयोगापुढे नेलं गेलं. छळ करून मिळवलेली माहिती पुरावा म्हणून चालेल का, या वादात दोन दशकं गेली. 'लवकर न्याय' म्हणून काढलेली वाट सगळ्यांत लांबची ठरली.

प्रश्न : हल्लेखोर ज्या धर्माचे, त्या समाजावर राग निघतो. सरकार हे थांबवू शकतं का?

पूर्ण नाही, बरंच थांबवू शकतं. अमेरिकेत एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्हे २००० साली २८ होते, २००१ मध्ये ४८१ झाले. ११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी अ‍ॅरिझोनात एका शीख पेट्रोलपंपचालकाला पगडीमुळे मुस्लिम समजून मारलं गेलं. हल्ल्याच्या संध्याकाळपासूनच संबंधित प्रार्थनास्थळं, शाळा आणि बाजार इथे दिसेल असा बंदोबस्त हवा आणि पहिल्या तोडफोडीला अटक हवी. श्रीलंकेत दंगली हल्ल्यानंतर तीन आठवड्यांनी उसळल्या, म्हणजे बंदोबस्त सैलावल्यावर. शिवाय पुढच्या कटाची कुणकुण शेजारच्या घरालाच आधी लागते. पोलिसांवर विश्वास नसेल तर ते घर गप्प राहतं.

प्रश्न : भरपाई जाहीर होते, पण मिळायला वर्षं का लागतात?

कारण हल्ल्यानंतर निधी शोधला जातो. फ्रान्सने १९८६ मध्येच कायमचा निधी उभारला. मालमत्तेच्या विम्याच्या प्रत्येक करारावर छोटा अधिभार असतो, त्यातून तो भरतो. बळींच्या कुटुंबाला आधी उचल आणि नंतर अंतिम हिशेब, ही पद्धत बरोबर. देह सापडलाच नाही तर मृत्यूचा दाखला कोण आणि कधी देणार, याचा नियम आधी नसेल तर बँक, विमा, वारसा सगळं अडतं. प्रत्येक कुटुंबामागे एकच अधिकारी असावा.

आणि उशिराने दिसणारे जखमी. स्फोटाजवळच्या प्रत्येकाचे कान तपासायला हवेत. पडदा फाटल्याचं गोंधळात कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवड्याभरातच पर्यावरण खात्याने हवा श्वास घेण्यायोग्य असल्याचं सांगितलं. खात्याच्याच महानिरीक्षकाने २००३ मध्ये म्हटलं की तसं सांगण्याइतकी माहितीच तेव्हा नव्हती. ढिगाऱ्यावर राबलेल्यांच्या आजारांसाठीचा कायदा व्हायला जानेवारी २०११ उजाडला. म्हणून घटनास्थळी असलेल्या प्रत्येकाची नोंदवही पहिल्या आठवड्यातच उघडावी आणि ती काही दशकं चालवावी.

प्रश्न : चौकशी आयोगांचे अहवाल कपाटातच जातात. मग ते नेमायचे कशाला?

नॉर्वेचा अहवाल वाचला की उत्तर मिळतं. ऑस्लोच्या स्फोटानंतर काही मिनिटांतच एका नागरिकाने संशयित माणूस आणि त्याच्या गाडीचा क्रमांक पोलिसांना फोनवर सांगितला होता. ती चिठ्ठी वीसेक मिनिटं टेबलावर पडून राहिली, आणि तो उटोयाच्या दिशेने निघून गेला. सरकारी इमारतीसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचं आधीच ठरलेलं होतं, झालं नव्हतं. आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये लिहिलं की साधनं होती, ती वापरणारं नेतृत्व आणि समन्वय कमी पडला. असलं काही खात्याची अंतर्गत चौकशी लिहीत नाही.

आयोगाला कागदपत्रं मागवण्याचा कायदेशीर अधिकार, वर्षभराची मुदत आणि स्वतंत्र कर्मचारी द्यावेत. कारकुनापासून मंत्र्यापर्यंत साक्ष घ्यावी. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि तारीख असावी, आणि वर्षाने त्याच आयोगाला परत बोलावून काय झालं ते विचारावं. फौजदारी खटल्याला बाधा येऊ नये म्हणून काही प्रकरणं मागे ठेवावी लागतात. ती मागे ठेवल्याचं अहवालात लिहावं.

प्रश्न : अशा वेळी आम्ही नागरिकांनी काय करायचं?

फोनऐवजी संदेश पाठवा. घटनास्थळाकडे जाऊ नका. स्वतः काढलेली छायाचित्रं आणि चित्रफिती समूहावर टाकू नका. मूळ फाइल, वेळेच्या नोंदीसकट, पोलिसांना द्या. पुढे पाठवताना संदेश-ॲप तिची प्रत दाबून लहान करतं आणि तपासाला लागणारा तपशील निघून जातो. दुकानात किंवा सोसायटीत कॅमेरे असतील तर त्याच दिवशी चित्रण जपून ठेवा. बहुतेक यंत्रं काही दिवसांत जुन्यावर नवं चढवतात. आणि रक्त द्यायचं असेल तर पेढीने बोलावल्यावर, किंवा हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी द्या.